आमच्या घरातली पाश्चात्त्य समीक्षा

माझी बायको निवृत्त झाली तेव्हा आता ती माझ्या कविता निवांत बसून वाचेल, असा माझा समज होता. ती पन्हाळ्याच्या तहसील कार्यालयात अव्वल कारकून होती. सकाळी स्टँडवरून एस.टी. धरायची आणि संध्याकाळी दमून परत यायची. मी सहकारी बँकेतला माणूस. तिच्या आधीच निवृत्त झालो होतो आणि दिवसभर घरात कविता लिहीत होतो. माझा एक संग्रह फार पूर्वी स्वखर्चाने निघाला होता. त्याच्या उरलेल्या प्रती माळ्यावर आहेत, म्हणजे जवळजवळ सगळ्याच. दुसऱ्या संग्रहाच्या कविता जमवून ठेवल्या होत्या. त्यावर कुणाचा तरी हात फिरावा एवढीच इच्छा होती, तोही शक्यतो पाठीवरून.

लग्नापासून प्रत्येक कविता मी आधी तिलाच वाचून दाखवत आलो. ती मेथी निवडता निवडता ऐकायची आणि म्हणायची, "छान आहे." एवढंच. निवृत्तीनंतर मात्र मला वाटलं, आता वेळ आहे तर जरा सविस्तर ऐकावं. म्हणून एका दुपारी मी विचारलं, "छान म्हणजे नेमकं काय छान?"

"मला कुठं तसं सांगता येतंय?"

"अगं, त्याचं शास्त्र असतं. ग्रीकांपासून चालत आलंय ते."

हे मी सहज बोलून गेलो. ग्रीकांपासून काय चालत आलंय ते मलाही माहीत नव्हतं. पण तिनं आयुष्यभर सरकारी काम केलं होतं. एखाद्या गोष्टीचे नियम कुठंतरी लिहून ठेवलेले आहेत म्हटल्यावर ते बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. जून-जुलैत तिनं घरी राहून करायच्या एम.ए.ला नाव घातलं. विषय मराठी. पुस्तकं आली तशी तिनं ती एकेक करून चाळली आणि सगळ्यांत जाड होतं ते आधी उघडलं. तो पाश्चात्त्य साहित्यविचाराचा पेपर होता.

पुढचे काही महिने आमच्या घरी नाश्त्याला रोज एखादा परदेशी पाहुणा असायचा. पहिला आला तो एक ग्रीक तत्त्ववेत्ता.

"यानं कवींना गावाबाहेर काढलंय," पोह्यांवर खोबरं भुरभुरत ती म्हणाली.

"का?"

"त्याचं म्हणणं, खरा पलंग एकच. तो कल्पनेच्या जगात असतो. सुतार त्याची नक्कल करतो. चित्रकार सुताराच्या पलंगाची नक्कल करतो. कवीही त्याच रांगेतले. म्हणजे सत्यापासून लांब. शिवाय लोकांना हळवं करून ठेवतात. आदर्श नगरात असली माणसं नकोत."

"असं कसं एकदम बाहेर काढता येईल?"

"तेच मी म्हणते. आमच्याकडं हद्दपारी करायची तर आधी नोटीस द्यावी लागते, समोरच्याचं म्हणणं ऐकावं लागतं." तिनं पान उलटलं. "पण थांबा. शेवटी त्यानं लिहिलंय की कुणी कवितेची बाजू नीट मांडली तर आम्ही ऐकून घेऊ. म्हणजे नोटीस दिली म्हणायची. आणि उत्तर दाखल केलं त्याच्याच शिष्यानं."

मग तिनं चहा संपवला. उठताना म्हणाली, "मला वाटतं, तेव्हापासून आजपर्यंत तिकडं जी काही समीक्षा झाली ती सगळी या एकाच प्रकरणातली कागदपत्रं आहेत. कविता गावात राहू द्यायची की नाही, एवढाच मुद्दा."

पुढं मी त्या विषयावर बरीच पुस्तकं वाचली, पण इतकं सुटसुटीत मला कुठं आढळलं नाही. त्या वेळी मात्र मी म्हणालो, "परीक्षेत असं लिहू नकोस."

त्या तत्त्ववेत्त्याचा त्रास मला पुढच्याच आठवड्यात झाला. माझी पंचगंगेवरची एक कविता आहे. पहाट, घाट, रुपेरी लाटा, देवळाची घंटा असं सगळं तिच्यात आहे. बायकोनं ती वाचली आणि विचारलं, "पहाटे घाटावर तुम्ही शेवटचे कधी गेला होता?"

मी आठाच्या आत उठत नाही, हे तिला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "कवीला तिथं जावंच लागतं असं नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं मला अंधारात उठवून घाटावर नेलं. थंडी होती. पायऱ्यांवर चार-दोन म्हातारी माणसं आंघोळ करत होती. एक जण म्हैस धूत होता आणि तिच्याशी तिच्या खाण्यापिण्याबद्दल बोलत होता. पलीकडं पाण्यावर जलपर्णी पसरली होती. पाणी जिथं दिसत होतं तिथं अगदी गप्प होतं.

"लाटा कुठायत?" बायकोनं विचारलं.

"कवितेत आहेत."

"म्हणजे ही नदीची नक्कलसुद्धा न्हवं. कुणाच्या तरी कवितेतल्या नदीची नक्कल हाय." चिडली किंवा खूश झाली की तिच्या तोंडी माहेरची भाषा येते. त्या पहाटे ती खूश होती.

घरी येऊन मी ती कविता बाजूला ठेवली. म्हशीवर काहीतरी लिहून पाहिलं, पण म्हशीशी बोलणाऱ्या माणसाचं बोलणंच जास्त चांगलं होतं.

त्या ग्रीकाचा शिष्य मात्र तिला मनापासून आवडला. तो तिच्यासारखाच होता. कुणाला बाहेर काढण्याआधी सगळ्यांची नीट वर्गवारी करणारा. शोकांतिकेत काय काय असतं, कशानंतर काय यायला हवं, नायक कसा असावा, हे त्यानं ओळीनं मांडलं होतं. त्यातच एक शब्द होता, विरेचन. करुणा आणि भीती जागी करून नाटक आपल्याला त्यातून मोकळं करतं, असं काहीसं.

त्या संध्याकाळी समोरचे शेजारी आले होते. जैन कुटुंबातले, मूळचे शिरोळकडचे. तिकडं त्यांचा ऊस आहे आणि इथं शेतीच्या अवजारांचं दुकान. माझ्या कवितांचे ते घराबाहेरचे एकमेव श्रोते. त्यांनी तो शब्द ऐकला आणि म्हणाले, "वैनी, विरेचन म्हंजे एरंडेल की. आमची आजी दर महिन्याला द्यायची."

"तसंच आहे ते," बायको म्हणाली. "फक्त पोटाऐवजी मनाचं."

"आन् त्येच्यासाठी नाटकाचं तिकीट काढायचं व्हय?"

मी हसलो. ती हसली नाही. पुस्तक मिटून ती म्हणाली, "मी बदलीवर शिरोळला होते त्या वर्षी पूर आला होता, आठवतंय?"

शेजाऱ्यांनी मान हलवली. त्यांच्या आईवडिलांना त्या वेळी घराच्या माडीवरून नावेनं काढलं होतं.

"मी छावणीवर होते. माणसं यायची, काय काय गेलं ते सांगायची आणि मी लिहून घ्यायची. रडले नाही. रडून चालणारच नव्हतं. घरी आले तरी रडले नाही. मग दिवाळीनंतर आम्ही नाटकाला गेलो. नाटक कसलं तर एका म्हाताऱ्या गवयाचं. त्यात पूर नाही, पाणी नाही. आणि मला रडू आवरेना."

ते मला चांगलं आठवत होतं. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघत होती आणि मी तिला कोपरानं हळूच ढोसत होतो.

"त्या दिवशी मला वाटलं, मी वेडी आहे," ती म्हणाली. "आता कळलं. मला काय झालं होतं ते या माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं."

शेजाऱ्यांनी ते मिटलेलं पुस्तक हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाले, "चांगलं तिकीट हाय म्हणायचं त्ये."

त्यानंतर मी या अभ्यासाची टिंगल जरा कमी केली. पूर्ण थांबवली नाही, कारण ग्रीकांनंतर रोमन आले, उदात्ताचा विचार करणारा एक आला, मग नाटक एकाच दिवसात आणि एकाच जागी घडलं पाहिजे म्हणणारे आले. त्यांना ती "आस्थापना शाखा" म्हणायची, म्हणजे ऑफिसातली हजेरी-रजा बघणारी. त्यानंतर आपलं गाव फारसं न सोडलेला एक जर्मन तत्त्वज्ञ आला. तिच्या म्हणण्यानुसार तो सगळ्यांत अवघड होता. त्याचं म्हणणं, एखादी गोष्ट हवीशी न वाटता, तिचा काही उपयोग मनात न आणता ती आवडली, तर तिला सुंदर म्हणायचं. हे तपासायला तिनं शेजाऱ्यांच्या गाडीतून शिरोळला जाताना त्यांच्याच उसाकडं बोट दाखवलं.

"तुरे आलेला ऊस किती सुंदर दिसतोय."

"सुंदर?" शेजारी गाडी चालवता चालवता म्हणाले. "वैनी, तुरा आला की वजन घटतंय. कारखान्याची तोड अजून न्हाई आली. मला तर बघवंना."

ती माझ्याकडं वळून म्हणाली, "बघा. त्यांचा संबंध आहे म्हणून त्यांना दिसत नाही. माझा नाही म्हणून मला दिसतंय." आणि थोड्या वेळानं स्वतःशीच, "पण मग ज्याचा संबंध आहे त्यालाच काय ते नीट दिसतं, असंही म्हणता येईल." त्या जर्मन माणसाशी तिचं शेवटपर्यंत जमलं नाही.

खरी गोष्ट घडली ती विसाव्या शतकात पोचल्यावर. तिथले समीक्षक म्हणतात, कविता वाचताना कवीचं चरित्र, त्याचा हेतू, वाचकाला आलेलं रडू, सगळं बाजूला ठेवा. समोर शब्द आहेत, तेवढे वाचा. पुढं एका फ्रेंच माणसानं तर लेखक मेला आहे असंच जाहीर केलं. ही बातमी बायकोनं मला दाढी करताना दिली.

"कोण मेला?"

"लेखक. सगळेच. लिहून झालं की मेला. मग अर्थ वाचकाच्या हातात."

"आणि निवृत्तिवेतन?"

"ते वारसाला," ती म्हणाली.

तिच्या एम.ए.च्या अभ्यासकेंद्रात दर रविवारी वर्ग असायचे. तिथं प्रत्येकानं एक अपरिचित कविता घेऊन तिच्यावर बोलायचं होतं. कवीचं नाव सांगायचं नाही. ती म्हणाली, "मी तुमची घेते. तुमच्याइतका अपरिचित मला दुसरा कोण मिळणार?"

मला बरं वाटलं, हे मी लपवलं. मी फक्त म्हणालो, मलाही यायचं आहे. आधी ती नको म्हणाली. मग म्हणाली, "मागं बसायचं. बोलायचं नाही."

वर्ग एका कॉलेजात होता. शिकवणाऱ्या मॅडम आमच्या मुलीच्या वयाच्या होत्या. विद्यार्थी म्हणजे नोकरी करणारी माणसं. दोन-तीन शिक्षक, एक नर्स, पोस्टातला एक जण आणि माझी बायको. पाहुणा म्हणून बसायला मॅडमनी मला हसून परवानगी दिली.

तिनं निवडलेली कविता माझी आवडती होती. 'उंबऱ्यातली ती'. संध्याकाळची वेळ. एक बाई उंबऱ्यात उभी राहून नवऱ्याची वाट बघते. आत दूध उतू जातं. वळणावर गाडीनं गिअर बदलला की आवाजावरून ती ओळखते, ही थांबणार की पुढं जाणार. शेवटी तो येतो आणि दिवा लागतो. एका कविसंमेलनात ही वाचली तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

बायकोनं ती मोठ्यानं वाचली. इतकी सपाट, की मला दोनदा उठून दुरुस्त करावंसं वाटलं. मग चर्चा सुरू झाली.

एक शिक्षक म्हणाले, "भाषा चांगली आहे. पण कवी जुन्या वळणाचा वाटतो."

नर्स म्हणाल्या, "मला या बाईची दया येते. नुसतं उभं राहायचं. तिला एक वाक्यसुद्धा बोलायला दिलेलं नाही. घरात वर्तमानपत्र येत असेल की, तेवढं तरी वाचू दे तिला."

सगळे हसले. पोस्टातला माणूस म्हणाला, "कवी बायकोला घरात बसवणाऱ्यातला हाय."

मला राहवलं नाही. मी हात वर करून उभा राहिलो आणि म्हणालो, "मला वाटतं, कवीला तसं म्हणायचं नसावं. कवीला त्या बाईच्या प्रेमाबद्दल आदर आहे."

मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "काका, कवीला काय म्हणायचं होतं हे आपल्याला कळायचा मार्ग नाही. आणि ते इथं महत्त्वाचंही नाही. कवितेत कुठं दिसतं ते सांगा."

कवितेच्या सगळ्या ओळी मी मनात चाळल्या. मी खाली बसलो. बायको फळ्याजवळ उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण तिचे खांदे हलत होते.

मग ती बोलायला लागली. ऑफिसात अर्ज तपासताना बोलत असेल तशीच, सावकाश.

"वाट बघणारी बाई आणि येणारा पुरुष असं कविता सांगते. पण शब्द तपासले तर वेगळं दिसतं. येणाऱ्याच्या अंगावर प्रवासाची एकही खूण नाही. धूळ नाही, घाम नाही, पाय दुखत नाहीत, गाडीत जागा मिळाली की उभं राहून आला ते नाही. तो कुठून आला हेसुद्धा कवितेला माहीत नाही. आणि घरातलं सगळं माहीत आहे. दुधाचा करपट वास आहे. उंबऱ्याचा गारवा तळपायाला लागतोय. कुठली गाडी थांबणार हे नुसत्या आवाजावरून कळायला किती संध्याकाळी तिथं उभं राहावं लागत असेल." ती थोडी थांबली. "म्हणून माझं म्हणणं असं की या कवितेत वाट बघतोय तो बोलणाराच. बाई बाहेर गेली आहे. ती यायची आहे. पुरुषानं वाट बघत उंबऱ्यात उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून त्यानं स्वतःच्या जागी तिला उभं केलंय. त्याला ते माहीत असेल किंवा नसेल. कविता मात्र लपवत नाही."

एका शिक्षकांनी वही उघडून काहीतरी टिपून घेतलं. मॅडम म्हणाल्या, "हे फार चांगलं वाचन आहे."

नर्स म्हणाल्या, "असं असेल तर मला कविता आवडली."

मी मागच्या बाकावर बसून होतो. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या रस्त्यावर काही झालं की तिची गाडी अडकायची. तेव्हा मोबाईल नव्हते. मी बँकेतून लवकर घरी यायचो, गॅसवर दूध ठेवायचो आणि दारात जाऊन उभा राहायचो. गल्लीतलं कुणी आलं की चप्पल शोधल्यासारखं करायचो. हे सगळं मला माहीत होतं. पण ते या कवितेत आलंय हे मला, ती लिहिणाऱ्याला, त्या रविवारी कळलं.

स्कूटरवरून आम्ही परत निघालो. रंकाळ्याजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा विचारलं, "तुझ्या हे आत्ता अभ्यासात लक्षात आलं?"

"नाही. पहिल्यांदा वाचून दाखवलीत तेव्हाच."

"मग नुसतं छान आहे का म्हणालीस?"

"छानच होती म्हणून," ती मागून म्हणाली. "का छान ते तेव्हा सांगता आलं नसतं. हिरवा झालाय, चला."

घरी आल्यावर मी ती कविता दुरुस्त करायला घेतली. आता खरं काय ते कळलंय, तर पुरुषाला सरळ उंबऱ्यात उभा करावा, असा विचार केला. तिनं कागद काढून घेतला.

"हात लावायचा नाही. तुम्ही मेलाय. मेलेल्या माणसाला दुरुस्त्या करता येत नाहीत."

"अगं, पण खोटं आहे ना ते."

"खोटं आहे म्हणूनच खरं कळतंय. सरळ सांगितलं असतं तर मी कशाला शोधत बसले असते?"

यावर त्या दोन ग्रीकांपैकी कोण काय म्हणाला असता, याचा मी बराच विचार केला. गुरूनं मला नक्कीच गावाबाहेर काढलं असतं. शिष्यानं बहुतेक चहा पाजला असता.

दुसरा संग्रह निघाला तो तिनं निवडलेल्या कवितांचा. तो फारच सडपातळ झाला. पंचगंगेची कविता त्यात नाही, याचं मला अजून थोडं वाईट वाटतं. प्रस्तावना कुणाचीच घेतली नाही. शेजाऱ्यांनी तो एका बैठकीत वाचून काढला आणि म्हणाले, "साहेब, या वेळी कळायला लागलंय की. काही बिघडलं न्हाई न्हवं?"

बायको पास झाली. मॅडमनी तिला केंद्राच्या पुढच्या तुकडीसमोर बोलायला बोलावलं आणि मग हळूहळू आमच्याकडं माणसं येऊ लागली. परवा शिरोळहून एक मुलगी आली होती. तिचं औषधाचं दुकान आहे आणि ती कविता लिहिते. दारातूनच तिनं विचारलं, "मॅडम हायत का?"

बायको बाजारात गेली होती. मी त्या मुलीला बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. मांडीवरच्या पिशवीतले कागद तिनं घट्ट धरून ठेवले होते. मी ते बघायला मागितले नाहीत. थोड्या वेळानं तिनं सभ्यपणानं विचारलं, "काका, तुम्ही पण लिहिता?"

"थोडंफार," मी म्हणालो.

"मग मॅडम तुमचं पण बघत्यात?"

"बघतात."

"कडक हायत का?"

मी तिला खरं तेच सांगितलं. म्हणालो, नाही. फक्त तू लिहिलं आहेस तेवढंच वाचतील, आणि ते तुला वाटतंय त्यापेक्षा जास्त निघेल. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. तेवढ्यात फाटकाचा आवाज झाला. मुलीनं घाईघाईनं ओढणी सारखी केली, मी गॅस बारीक केला आणि आम्ही दोघेही उठून उभे राहिलो.